समुद्र बंद आहे

प्रिय योला,

जानेवारीपासून तू माझा फोन उचलत नाहीस. मी आपली दर रविवारी प्रार्थना आटोपली की कबरस्तानामागची टेकडी चढते, कारण रेंज तिथेच येते, आणि फोन कानाला लावून उभी राहते. तिकडे रिंग वाजत राहते आणि इकडे तुझे बाबा कबरीत पडल्या पडल्या हसत असतील असं वाटतं, की मिना, लेक कुणावर गेली ते आता कळलं ना? मग म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र मधेच कट करता येत नाही. आपल्या पाद्रीबाई कसल्याशा सभेला जकार्ताला निघाल्या आहेत, त्यांच्या हातीच देते आहे. शिवाय हे पत्र तुझ्याकडून समोर बसवून वाचून घ्या, असंही त्यांना सांगून ठेवलं आहे. पाद्रीबाईंसमोर पत्र फाडण्याइतकी तू अजून जकार्ताची झालेली नसशील.

इकडे सगळं ठीक. यंदा लवंगांना बहर चांगला आला, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. घरभर अजून तोच वास आहे. ओमा दोर्चेचे गुडघे दुखतात पण जीभ दुखत नाही, त्यामुळे शेजार शाबूत आहे. तिच्या नातीला गेल्या महिन्यात मागणी आली. मुलाकडची मंडळी दिवेलागणीला कंदील घेऊन गात गात आली, दारात उभी राहिली, आणि नेहमीप्रमाणे आतून प्रश्न गेला, की एवढे लोक कशाला आलात, वाट चुकलात का? मग त्यांनी, तुमच्या बागेतलं फूल मागायला आलोय, असं फुलाबिलाचं लांबण लावलं. ओमा दोर्चे घरातली वडीलधारी म्हणून उत्तर द्यायला बसली होती. तिनं त्यांना इतका वेळ दारात ताटकळत ठेवलं की कंदिलातलं तेल संपलं. मी ते बघत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या योलाला मागणी येईल तेव्हा मीही बाबांच्या वेताच्या खुर्चीत अशीच ऐटीत बसेन. ती खुर्ची मी अजून पुसून ठेवते. बाबा गेल्यापासून तिच्यात कुणी बसलेलं नाही. तू मात्र लग्नाचा विषय काढला की फोन ठेवायचीस. आता तर उचलतही नाहीस, म्हणजे तो विषय मुळातच मिटला.

आता आपल्या भांडणाकडे येते. तू सरकारी बाजू ऐकलीस, आता घरची ऐक. देशाचा पैसा पर्यावरणासाठी कुठे किती जावा हे ठरवणाऱ्या कचेरीत माझी मुलगी बसते, याचा मला केवढा अभिमान आहे हे तुला ठाऊक आहे. प्रवाळ दुरुस्तीच्या योजनेत तू आपल्या हारुआ गावाचं नाव घातलंस, तेव्हा मी टेकडीवरून ओरडतच खाली आले होते. सिमेंटचे मोठाले पोकळ ठोकळे समुद्रात सोडायचे, त्यांच्यावर पोवळं धरतं, मग मासा येतो, असं तू मला समजावलं होतंस. काम नीट झालं तर पुढच्या वर्षी समुद्र राखणाऱ्या आम्हा केवांगांना गस्तीसाठी इंजिनाची होडी मिळणार होती. एलोनं आणि बाकीच्या राखणदारांनी तर तिला रंग कुठला द्यायचा यावरून भांडणंही करून घेतली. पण तू एक विसरलीस, पोरी. पैसा डिसेंबर संपायच्या आत खर्च व्हायला हवा होता, आणि मासा वाढावा म्हणून आपला समुद्र एप्रिलपर्यंत बंद होता.

नोव्हेंबरात ठोकळ्यांचं काम बघायला तुमचे सरकारी बापा तांदी बोटीतून उतरले. टोराजाच्या डोंगरात वाढलेला माणूस, पोहता येत नाही, बोट लागते, आणि सगळी नोकरी समुद्राच्या खात्यात गेलेली. त्यांनी किनाऱ्यावर आमचा सासीचा, म्हणजे समुद्रबंदीचा, खांब पाहिला. कोवळ्या झावळ्या, वर पांढरं कापड. आता बाकीच्या देशात कोवळी झावळी बांधतात ती लग्नाला नाही तर पाहुण्याच्या स्वागताला. त्यांना वाटलं, हे सगळं आपल्यासाठीच! खांबाखाली उभं राहून, अंगठा वर करून त्यांनी फोटो काढून घेतला, आणि मग बुटांचा चिखल धुवायला सरळ पाण्यात उतरले. मी शंख फुंकला. अख्खं गाव धावत आलं. तर हे गृहस्थ घोटाभर पाण्यात उभे राहून, छातीवर हात ठेवून मला म्हणतात, "बाई, एवढं कशाला केलंत हो, मी साधा माणूस आहे." ओमा दोर्चेनं हसता हसता तोंडातलं पान गिळलं.

साधा असो नाहीतर सरकारी, दोन खांबांमधल्या पाण्यात पाऊल टाकलं की दंड. चर्चच्या कुंपणाची भिंत बांधायची आहे, तिला लागेल ती सगळी वाळू नदीच्या मुखाशी भरून डोक्यावरून आणायची, असा दंड सभेनं ठरवला. त्यांनी मुकाट्यानं मान्य केला. फक्त मला हळूच विचारलं, याची पावती मिळेल का? मी म्हटलं, मिळेल, पण तुमच्या सरकारात बंद पाण्यात बूट धुतल्याचा खर्च कुठे दाखवणार? तेव्हा ते पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे टोपली घेऊन वाळू, आणि दिवसभर परवानगीसाठी वणवण, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. मागोमाग तराफ्यावरून ठोकळेही येऊन पडले. गावात पाहुण्यांची खोली आपल्याकडेच, म्हणून ते तुझ्या खोलीत राहिले. बाबांच्या खुर्चीत मात्र मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. किनाऱ्यावरच्या एका ठोकळ्यावर बसून विचार करायचे.

परवानगीची गंमत तर विचारू नकोस. बापा राजाकडे गेले. तो गावाचा प्रमुख, पण म्हणाला, पाणी केवांगांच्या ताब्यात, मिनाला विचारा. मी म्हटलं, मी राखणदार, बंद करायची प्रार्थना पाद्रीबाईंनी केली, त्यांना विचारा. पाद्रीबाई म्हणाल्या, प्रार्थना मी केली पण आमेन सगळ्या गावानं म्हटलं, आता वरच्याला विचारा. बापा तांदींनी टेकडी चढून जकार्ताच्या वरच्यांना विचारलं. एप्रिलपर्यंत थांबता येईल का? तिकडून उत्तर आलं, वर्ष डिसेंबरात संपतं. समुद्र कोणत्या आदेशानं बंद केलाय? बापा तांदी म्हणाले, "प्रार्थनेनं."

शेवटी बापा राजानं सभा बोलावली. मला म्हणाला, "मिना, झावळीच ती. उद्या सोडू, परवा परत बांधू. देव काय रोज मोजायला येतोय?" शेजारी पाद्रीबाई खोकल्या, तसा तो जरा वरमला, पण राखणदार पोरं माझ्याकडे आशेनं बघत होती. योला, त्या होडीची गरज माझ्याइतकी कुणाला नव्हती. वल्ही मारून मारून माझा उजवा खांदा कामातून गेला आहे. शंख-शिंपले चोरायला येणाऱ्यांच्या होडीला इंजिन असतं, आणि आम्ही मागून शिव्या देत वल्हवत असतो. तरीही मी नाही म्हटलं. गावासाठी बंद आणि सरकारसाठी उघडा, असा समुद्र मला राखता येत नाही. उद्या एलोच्या काकानं जाळं टाकलं तर त्याला कोणत्या तोंडानं दंड करू? एलो त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. बापा राजानं कपाळावर हात मारून घेतला. मलाही घरी येऊन रडू आलं, तुझी शपथ.

मग बापा राजाच्या डोक्यातून नवी युक्ती निघाली. खांबांच्या आत नको, तर बाहेर टाका ठोकळे! बाहेरचं पाणी मोकळं आहे, काम झाल्याचा फोटोही निघेल, पैसाही सुटेल. बापा तांदी म्हणाले, आधी मी बघतो. मी त्यांना आपल्या छोट्या होडीतून नेलं. पांढरेफटक पडले होते, दोन्ही हातांनी काठ धरून बसलेले. तळाला काच असलेली आपली पेटी मी पाण्यावर धरली आणि म्हटलं, डोकं घाला. त्यांनी घातलं ते काढेचनात. तू लहानपणी बघायचीस तेच सगळं, निळी पोवळी, त्यांच्यातून पळणारे इवलेसे पिवळे मासे. पाऊस सुरू झाला, त्यांची पाठ चिंब झाली, तरी डोकं पेटीत. वर आले तेव्हा म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी याच्यावर पैसे खर्च करतोय. आज पहिल्यांदा पाहिलं." आणि मग म्हणाले, "इथे दुरुस्त करायला काही मोडलेलंच नाही. ठोकळे टाकले तर मात्र मोडेल."

त्या आठवड्यात त्यांच्या कचेरीतल्या कुणीतरी त्यांना सल्ला दिला, की दुसऱ्या कुठल्याही बेटावर फोटो काढा हो, समुद्र काय, सगळीकडे निळाच. निवृत्तीला एक महिना राहिलेला, उगाच शेवटी डाग कशाला लावून घेता? बापा तांदी रात्रीचं जेवण न घेता ठोकळ्यावर जाऊन बसले. सकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी अहवाल लिहिला आणि मला वाचून दाखवला. "काम झाले नाही. कारण, समुद्र बंद आहे. समुद्राची प्रकृती चांगली आहे." एवढंच. इतके दिवस आपला सागोच्या पिठाचा बुळबुळीत पापेडा त्यांच्या लाकडी काड्यांवरून घसरून शर्टावर पडायचा आणि सगळे हसायचे. त्या दुपारी त्यांनी काड्या फिरवून तो बरोबर उचलला आणि माझ्या हातच्या पिवळ्या रश्श्याबरोबर पोटभर खाल्ला. नाताळाआधीच्या बोटीनं ते गेले. ठेकेदार ठोकळे परत घेऊन गेला, तराफ्यावर जागा नव्हती म्हणून एक तेवढा राहिला. वाळूचं काम अर्धवट होतं. बोटीत चढताना म्हणाले, "दंड राहिलाय, मी येईन." ओमा दोर्चे म्हणाली, आला म्हणायचं! सरकार कधी दंड फेडायला परत आलंय?

आणि मग जानेवारीत तुझा फोन आला. "आई, तुझ्या एका झावळीपायी माझी मान खाली गेली. एकेक पैसा मिळवायला इथे किती जणांच्या पाया पडावं लागतं तुला माहीत आहे? पैसा परत गेला की पुढच्या वर्षी तेवढा कमी होतो. तुम्हाला कुणी विचारत नाही म्हणून तुम्हीच रडता, आणि विचारलं की समुद्र बंद!" शब्दन्‌शब्द लक्षात आहे माझ्या. मीही काही कमी बोलले नाही. देश निसर्गावर काय खर्च करतो त्याचा तक्ता तू मला एकदा दाखवला होतास. मी म्हटलं, त्या तक्त्यात माझी झावळी कुठे आहे ते दाखव. तिला खर्च येत नाही म्हणून ती तुमच्या लेखी नाहीच! हे बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण तुझंही खरं आहे, हे मी टेकडी उतरता उतरता मान्य केलं होतं. शेजारच्या बेटावर तुझ्याच पैशानं खारफुटी लागली, ती जगली, आता तिथल्या बायका खेकडे विकून पोरांना अंबोनला शिकवतात. तिथे मोडलं होतं, तिथे पैशानं जोडलं. वरिष्ठांसमोर तुला खाली बघावं लागलं याचं मला दुःख झालं, फार झालं. ते आधी सांगायचं सोडून मी भांडत बसले, कारण मी तुझी आई आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या बोटीनं बापा तांदी आले! हातात एक पेटी, टोराजाच्या कॉफीची पिशवी, निवृत्त झालेले, आणि बोट लागल्यामुळे तोंड हिरवं. ओमा दोर्चे उठून उभी राहिली, गुडघे विसरून. दुसऱ्या पहाटे टोपली घेऊन वाळूला हजर. कुंपण आता पुरं झालं आहे, पाद्रीबाईंनी त्याच्यापुढे उभं करून त्यांचं कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दंड फिटला. ते काही गेले नाहीत. आपलं पन्हाळ गळत होतं ते दुरुस्त केलं, एलोला हिशेब लिहायला शिकवलं, आणि आता रोज भरतीच्या वेळी उरलेल्या ठोकळ्यावर बसून माझ्याबरोबर पाण्यावर नजर ठेवतात. खांबांबाहेरच्या मोकळ्या पाण्यात त्यांना पोहणं शिकवते आहे. गुडघाभर पाण्यात मोठ्यानं देवाचं नाव घेतात आणि माझा हात सोडत नाहीत.

त्याच ठोकळ्यावर बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तू सांगितली नाहीस. त्यांचा अहवाल तुझ्या टेबलावर आला होता. तुझ्या वरच्यांनी तुला सांगितलं होतं, की कारण बदल, हवामान खराब असं लिही, म्हणजे कुणाची लाज जाणार नाही आणि गावाचं नाव यादीत राहील. तू बदललं नाहीस. ती तीन वाक्यं तू तशीच वर पाठवलीस आणि त्याबद्दल बोलणी खाल्लीस. आणि मग टेबलावरून उठून मला फोन करून माझ्यावर ओरडलीस. योला, मी ते ऐकून ठोकळ्यावरच रडायला लागले. बापा तांदी घाबरून गेले, त्यांना वाटलं आपण काहीतरी सरकारी गुपित फोडलं. अगं, वेडे, तू हे मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या रागाला घाबरून टेकडी चढत होते. आता अभिमानानं चढते, दम तेवढाच लागतो.

तर नमनाला घडाभर तेल जाळून झालं, आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. एप्रिलात ईस्टर झाल्यावर समुद्र उघडेल. आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला बापा राजा आणि पाद्रीबाई कंदील घेऊन गात गात आपल्या दारात येणार आहेत, कारण मार्कुसचं इथे दुसरं कुणी नाही. होय, मार्कुस. बापा तांदींचं नाव मार्कुस आहे. ते मला मागणी घालायला येत आहेत. माझी हरकत नाही, खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला आहे की भात दोनदा करपला. पण आपल्यात मुलीनं स्वतः उत्तर द्यायचं नसतं, घरच्यानं द्यायचं असतं, आणि माझ्या माहेरचं आता कुणी उरलेलं नाही. माझ्या घरचं म्हणावं असं माणूस तूच. बाबांची खुर्ची मी पुसून ठेवली आहे, तुझ्या मागणीला मी बसणार होते तीच. तिच्यात तू येऊन बस. तुझ्या मनात नसेल, बाबांसाठी वाईट वाटत असेल, तर नाही म्हण. मी ऐकेन आणि तेही ऐकतील. आपल्या घरात नाही म्हणायला कुणी कुणाला घाबरत नाही. आणि हो म्हणणार असलीस, तरी पटकन म्हणू नकोस हं. वाट चुकलात का म्हणून विचार. फुलाबिलाचं लांबण लावू दे त्यांना. कंदिलातलं तेल संपेपर्यंत ठेव दारात उभं. मार्कुसला उघडण्याची वाट बघायची सवय आहे.

वाट बघणारी, तुझीच,
आई